भोकाला डोळा लाव

ठाणे, १८ मे

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले, ना पत्र ना धड फोन. राग धर हवा तर, पण हे वाच. दुसऱ्या कुणाला कळायचं नाही.

आईचं पित्ताशय काढलं, दुर्बिणीतून, चार भोकं पाडून. पोटात गॅस भरतात ना, त्याने दोन दिवस खांदा दुखला. आता फिरते. कीहोल सर्जरी म्हणतात हिला, म्हणजे किल्लीच्या भोकाची. देशात पहिल्यांदा असं पित्ताशय डॉ. तेहेमटन उदवाडियांनी १९९० साली मुंबईतच काढलं. माईच्या वेळी वीतभर चिरलं होतं, आठवतंय ना!

असो. दवाखान्यात झोप येईना म्हणून गूगल अर्थवर आपली वाडी शोधली. तेही मूळचं ‘कीहोल’ नावाच्या कंपनीचंच. अमेरिकेच्या हेर उपग्रहांवरून ठेवलेलं नाव, २००४ मध्ये गूगलने ती घेतली. विहीर सापडली, तुमचा गोठा सापडला. आणि आमच्या छपरावर काळा डाग. मोठं करून पाहिलं तर कौलं खचलेली. फोटो फेब्रुवारीचा. बरोबर तात्यांच्या खोलीवर, बाळ्या!

दाराच्या त्या भोकातून आपल्याला दिसायचं किती? तात्यांचा उजवा हात, अंगठी, वाजत्या पेटीच्या चारपाच पट्ट्या. पितळी चकतीचा वास नाकाला चिकटायचा. वीस आकडे तुझे, वीस माझे ठरलेलं असताना तू मला बारालाच ढकलायचास. अजून कबूल करत नाहीस. कुलपात काडी मोडलीस तू, छडी खाल्ली मी.

ती पेटी तिथेच आहे, खिडकीखाली, चादरीत. आई रोज विचारते, “पेटी कोरडी असेल ना रे?” मी हो म्हणतो. ते ‘हो’ घशात अडकतं. किल्ली तिच्या बटव्यात, बटवा उशाखाली. मागितली की कशाला म्हणून विचारणार. टाके ओले असताना मला हे सांगायचं नाही. आणि पाऊस तीन आठवड्यांवर आलाय.

तुझी चिपळूणची बदली झाली ना? वहिनींचा गुडघा? ओवीला दहावीसाठी आशीर्वाद.

रविवारी वाडीत जा. ओटीवर चढ, त्या भोकाला डोळा लाव. आत ऊन पडलेलं दिसलं तर लगेच ताडपत्री टाकून घे, पैसे मी पाठवतो. पेटी दिसते का बघ. आकडे मोजू नकोस, लागेल तेवढा वेळ बघ. आणि फोन नऊनंतर कर, आई झोपल्यावर.

तुझा,
अण्णू