गव्हर्नरची सही

मा. गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांस,
युटा राज्य, सॉल्ट लेक सिटी

सप्रेम नमस्कार.

हे पत्र इंग्रजीतही तुमच्या कार्यालयाकडे पाठवलं आहे. पण पोटातलं बोलायचं तर मला मराठीच लागते, आणि याचं उत्तर माझ्या माहेरच्यांनाही द्यायचं आहे. ते विचारतात, "तू मॉर्मन झालीस, मग डेमोक्रॅट कशी?" इकडे वॉर्डात, म्हणजे आमच्या चर्चच्या स्थानिक मंडळीत, हाच प्रश्न उलटा येतो: "डेमोक्रॅट आहेस, मग मॉर्मन कशी?" (आपल्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसाठीचा 'मॉर्मन' हा शब्द टाळावा, असं आपल्या चर्चनं २०१८ मध्ये सांगितलं. पण साताऱ्याला दुसरा शब्द कुणाला कळणार नाही, म्हणून वापरते.)

ब्रदर कॉक्स (तुम्हीही याच चर्चचे, म्हणून 'ब्रदर'), मला डेमोक्रॅट वॉर्डानंच केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण दोन वेळचं जेवण सोडतो आणि त्याचे पैसे अडल्यानडल्यांसाठी देतो. माझी आजी एकादशी करायची, त्यामुळे उपास मला नवा नव्हता. उपासाचं अन्न असं मोजून दुसऱ्याच्या ताटात पडतं, हे मात्र मी इथं पाहिलं. आमचे बिशप, म्हणजे वॉर्डाचे प्रमुख, आठवडाभर आपली नोकरी करतात, चर्चच्या कामाचा एक पैसा घेत नाहीत, आणि कुणाचं घरभाडं थकलंय हे त्यांना न सांगता ठाऊक असतं. आपल्या धर्मग्रंथात, बुक ऑफ मॉर्मनमध्ये, राजा बेन्जामिन बजावतो की, याचक स्वतःच्या कर्मानं या दशेला आला असं म्हणून हात आखडता घेऊ नका; देवाच्या दारात आपण सगळेच याचक नाही का? हे मी मनापासून खरं मानलं. म्हणून २०१८ मध्ये, नागरिक झाल्यावरचं माझं पहिलं मत टाकताना, गरिबांच्या आरोग्यविम्यासाठीच्या प्रॉपोझिशन ३ ला (थेट मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्तावाला) 'हो' म्हटलं. राज्यातल्या बहुमतानंही तेच म्हटलं. पुढच्याच फेब्रुवारीत विधिमंडळानं त्याला कात्री लावली.

श्रद्धा आणि राजकारण यांचं माझ्यात कधी भांडण झालं नाही, असं म्हणणार नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा न देण्याचं चर्चचं धोरण आलं आणि एप्रिल २०१९ पर्यंत टिकलं. जवळपास साडेतीन वर्षं. मी दर रविवारी जात राहिले, पण प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना घसा दाटून यायचा. सोडून का नाही गेलीस, असं मैत्रिणी विचारतात. बाळंतपणात दोन आठवडे जेवण आणून देऊन आमच्या घरची चूल ज्या बायकांनी पेटू दिली नाही, त्या माझ्या आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकजणी रिपब्लिकन आहेत. त्यांना सोडून मी कुठे जाऊ?

टेम्पल रिकमेंडच्या, म्हणजे चर्चच्या मंदिरात जाण्याच्या परवान्याच्या, मुलाखतीत दशमांश, प्रामाणिकपणा, चहा-कॉफी-दारू यांबद्दल विचारतात. पक्ष विचारत नाहीत. जून २०२३ मध्ये तर फर्स्ट प्रेसिडेन्सीनंच, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांनीच, लिहिलं की, अभ्यास न करता सरसकट एकाच पक्षाला मत देणं हा लोकशाहीला धोका आहे. आणि ज्या मार्था ह्यूज कॅननचा पुतळा युटानं वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये उभा केला, ती डॉक्टर, पक्की मॉर्मन बाई १८९६ मध्ये देशातली पहिली महिला स्टेट सिनेटर झाली, ती डेमोक्रॅट म्हणूनच. त्या निवडणुकीत तिचा नवरा रिपब्लिकन उमेदवार होता. तो हरला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

गव्हर्नरची एक सही काय करू शकते, हे मॉर्मनांना सांगावं लागत नाही. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसूरीच्या गव्हर्नर बॉग्ज यांनी हुकूम काढला की, मॉर्मनांचा नायनाट करा, नाहीतर त्यांना राज्याबाहेर हाकला. तो हुकूम रद्द करणारी दुसऱ्या गव्हर्नरची सही यायला १९७६ उजाडलं. आपली आधीची पिढी १८४७ मध्ये या खोऱ्यात आली ती हाकललेली माणसं म्हणून. हे स्मरून २०१९ मध्ये गव्हर्नर हर्बर्ट यांनी, निर्वासितांना आमच्याकडे आणखी पाठवा, असं राष्ट्राध्यक्षांना लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही त्यांचे लेफ्टनंट गव्हर्नर होतात.

जून २०१६ मध्ये ऑर्लँडोतल्या समलिंगींच्या नाइटक्लबमधल्या हत्याकांडानंतर सॉल्ट लेक सिटीत तुम्ही भर सभेत, शाळेत असताना वेगळ्या वाटणाऱ्या मुलांशी आपण नीट वागलो नाही, याची माफी मागितलीत. मार्च २०२२ मध्ये ट्रान्सजेंडर मुलींना खेळातून काढणारं विधेयक नाकारताना तुम्ही हिशेब मांडलात: शाळांमधले ७५,००० खेळाडू, त्यात ट्रान्सजेंडर मुलं ४, मुलींच्या खेळात त्यातली १. आणि लिहिलंत की, या मुलांचं सगळं मला समजत नाही, पण ती जगावीत असं मला वाटतं. विधिमंडळानं तुमचा नकार मोडून काढला. ते पत्र मी छापून फ्रिजवर लावलं. अजून तिथंच आहे, कोपरे पिवळे पडलेत.

पण त्याआधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सॉल्ट लेक काउंटीचे चार तुकडे करणाऱ्या मतदारसंघांच्या नकाशावर तुम्ही सही केली होतीत. हे काम स्वतंत्र आयोगाकडे द्या, असं आम्ही प्रॉपोझिशन ४ मधून सांगितलेलं असताना. तो नकाशा कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये बाद केला. आणि जानेवारी २०२४ मध्ये, सरकारी शाळांत कोणत्या मुलानं कोणत्या बाथरूममध्ये जायचं, हे जन्मावेळच्या लिंगावरून ठरवणाऱ्या कायद्यावरही तुमचीच सही आहे.

'मतभेद करा, पण चांगल्या रीतीनं' ही मोहीम तुम्ही देशभर नेलीत. मला ती मनापासून पटते. आमच्या वॉर्डात आम्ही रोज तेच करतो, एकाच बाकावर बसून. पण मतभेद असणाऱ्याच्या मताला वजनही लागतं. माझी काउंटी चौघांत वाटून टाकल्यावर मी कितीही गोड बोलले तरी ते कुणाला ऐकू जाणार होतं?

तुम्ही तुमचा रिपब्लिकन पक्ष सोडावा असं मी म्हणत नाही. मागणं दोनच. प्रॉपोझिशन ४ गुंडाळण्याच्या कुठल्याही कागदावर तुमचं नाव नको. आणि ट्रान्सजेंडर मुलांबद्दलचं पुढचं विधेयक टेबलावर येईल, तेव्हा सही करण्याआधी २०२२चं तुमचंच पत्र एकदा मोठ्यानं वाचा. प्रत सापडली नाही तर कळवा, माझ्या फ्रिजवरची काढून पाठवते.

आपली,
सॉल्ट लेक काउंटीतल्या एका वॉर्डातली सिस्टर