पॅलेडियमच्या कौतुकाआधी लोखंडाच्या गाळाकडे पाहावे

संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या विज्ञान पुरवणीत ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे रंग आणि औषधांना लागणारी, बेंझीनच्या वलयाला नायट्रोजन जोडलेली रसायने, तयार करण्याच्या आधुनिक पद्धतींवर प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. इतका रुक्ष विषय मराठी वाचकांपुढे आणल्याबद्दल लेखकाचे आभार मानायला हवेत. मात्र त्यात पॅलेडियमच्या उत्प्रेरकांना जवळजवळ तीन स्तंभ मिळाले आहेत आणि नायट्रो संयुगांच्या क्षपणाची, म्हणजे त्यांतला ऑक्सिजन काढून हायड्रोजन जोडून अमाइन बनवण्याची, बोळवण ‘ही जुनी पद्धत आता मागे पडली आहे’ या एका वाक्यात झाली आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे मध्यस्थ (औषधे आणि रंग बनवताना मधल्या टप्प्यावर लागणाऱ्या) रसायनांच्या उत्पादनात काढलेल्या माणसाला हे वाक्य तसेच सोडून देता येत नाही. (‘सुगंधी अमाइन’ हा लेखातील शब्दप्रयोगही टाळायला हवा होता. ॲनिलीन या सर्वांत साध्या ॲरोमॅटिक अमाइनचा वास ज्याच्या कपड्यांना एकदा लागला आहे, तो त्याला सुगंधी म्हणणार नाही. पाठ्यपुस्तकांतला ‘ॲरोमॅटिक’ हाच शब्द बरा.)

ॲनिलीन हे नाव आपल्या ‘नीळ’ या शब्दावरूनच आले. संस्कृतातील ‘नील’ अरबीत ‘अन्-नील’ झाला, पोर्तुगीजांनी त्याचा ‘अनिल’ केला, आणि १८४० मध्ये रसायनशास्त्रज्ञ फ्रित्शे यांनी निळीवर दाहक पोटॅशची क्रिया करून मिळालेल्या तेलाला त्यावरून ॲनिलीन हे नाव दिले. १८४२ मध्ये झिनिन यांनी तेच तेल नायट्रोबेंझीनचे अमोनियम सल्फाइडने क्षपण करून मिळवले, तर १८५४ मध्ये बेशां यांनी त्याच कामासाठी लोखंड आणि आम्ल वापरले. बेशां यांच्या नावाचा उच्चार आमच्या कारखान्यात सर्रास ‘बेचॅम्प’ असा व्हायचा, आणि ‘आज बेचॅम्पची बॅच आहे’ म्हटले की कामगारांचे चेहरे उतरायचे.

ते का उतरायचे, हे थोडे सविस्तर सांगतो. रिॲक्टरमध्ये पाणी, थोडे आम्ल आणि बिडाच्या लोखंडाची पूड, जिला आम्ही सीआय पावडर म्हणत असू, असे भरून उकळी आणायची आणि नायट्रो संयुग हळूहळू सोडायचे. घाई केली तर मिश्रण फेसाळून वर चढते. फार संथ गेले तर लोखंड तळाशी बसते आणि ढवळणाऱ्या दांड्याची मोटर कुरकुरू लागते. बॅच संपली की नाही हे उपकरणावर कळत नसे. काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर टाकायचा आणि भोवती पसरणाऱ्या ओल्या कड्याचा पिवळेपणा गेला का ते उजेडात धरून पाहायचे. शेजारी सोडियम सल्फाइडचा थेंब लावून काळी रेघ उमटली, तर द्रावणात अजून लोखंड आहे असे समजायचे आणि सोडा घालत राहायचे. त्यानंतर गरम असतानाच फिल्टर प्रेसमधून सारे गाळायचे आणि कापडावर साचलेला काळा, जड चिखल फावड्याने ओढून काढायचा. या शेवटच्या कामाला कोणीही खुशीने हात लावत नसे. गाळात थोडे अमाइन राहतेच आणि ते कातडीतून शरीरात जाते. माझ्या पाळीतल्या एका मदतनिसाचे ओठ आणि नखे एका दुपारी निळसर झाली होती. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे उरले नाही की असे होते. मुखवटे आणि हातमोजे गोदामात होते, पण ते मागायला गेले की आधी सही आणि मग कारण, असा त्या कंपनीचा शिरस्ता होता. मुलगा वाचला. त्याला शिरेतून दिलेले औषध मेथिलिन ब्लू होते. हा रंग हाइनरिक कारो यांनी १८७६ मध्ये डायमेथिल ॲनिलीनपासून बनवला होता, म्हणजे विष आणि उतारा एकाच घराण्यातले.

आता या गाळाचा हिशोब. चार रेणू नायट्रोबेंझीनला नऊ अणू लोखंड लागते आणि त्यातून चार रेणू ॲनिलीन व तीन रेणू काळे लोह ऑक्साइड मिळते. वजनात मांडले तर एक किलो ॲनिलीनमागे सुमारे १ किलो ८६५ ग्रॅम ऑक्साइड, आणि हे फक्त कागदावर. प्रत्यक्षात लोखंड जास्तच घालावे लागते आणि गाळात पाणीही राहते. जर्मनीत १९२५ च्या सुमारास लाउक्स यांनी या ऑक्साइडचा प्रतवार रंग करून विकण्याची युक्ती काढली, आणि त्यामुळे तिथे ही पद्धत टिकली. आमच्या गाळात डांबरासारखे अवशेष मिसळलेले असत, त्यामुळे त्याचा रंग व्हायचा प्रश्नच नव्हता. ट्रक भरून तो शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जाई आणि वाहतुकीचा खर्च आमच्या मालाच्या किमतीत चढे.

लोखंडाऐवजी हायड्रोजन वापरला तर एका नायट्रो गटामागे तीन रेणू हायड्रोजन लागतो आणि अमाइनबरोबर केवळ दोन रेणू पाणी मिळते. उत्प्रेरक म्हणून रॅनी निकेल (सच्छिद्र निकेलची पूड) किंवा कोळशावर बसवलेले पॅलेडियम वापरतात, आणि तो गाळून पुन्हा वापरता येतो. मोठ्या प्रमाणावरचे ॲनिलीन आज जगभर प्रामुख्याने याच मार्गाने बनते. तेव्हा नायट्रो क्षपण मागे पडले असे म्हणणे चूक आहे. लोखंडाने केलेले क्षपण मागे पडायला हवे होते, आणि ते लहान कारखान्यांत पुरते मागे पडलेले नाही, हा खरा मुद्दा आहे.

ते का पडले नाही, याचे उत्तर मालक मागासलेले आहेत असे नाही. नायट्रो गटाचे हायड्रोजनेशन होताना बाहेर पडणारी उष्णता एका मोलमागे सुमारे ५४५ किलोज्यूल असते. म्हणजे १२३ किलो नायट्रोबेंझीनच्या क्षपणातून निघणाऱ्या उष्णतेने उकळत्या पाण्यापैकी जवळपास २४० किलो पाण्याची वाफ होईल. थंड करण्याची सोय तेवढी भक्कम नसेल, तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली चालणारे बंद पात्र, हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. त्यात मधल्या टप्प्यावर हायड्रॉक्सिलअमाइन, म्हणजे अर्धवट क्षपण झालेले रसायन, साचले, तर ते स्फोटक ठरू शकते. रॅनी निकेल पाण्याखाली ठेवावे लागते. कोरडे झाले की हवेत आपोआप पेट घेते. दिवसाउजेडी हायड्रोजनची ज्योत दिसत नाही, हे ज्याने भोगले आहे त्याला सांगावे लागत नाही. सिलिंडरच्या रांगा, दाबपात्रे आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’चे (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे) परवाने एवढे सगळे वर्षाला चार-पाच निरनिराळे पदार्थ थोडे थोडे बनवणाऱ्या उद्योजकाला परवडत नाही, आणि सीआय पावडर मात्र पोत्यातून मिळते. शिवाय रेणूत क्लोरिन किंवा ब्रोमिन असेल, तर पॅलेडियम तोही उपटून काढते. अशा ठिकाणी गंधकाने मंद केलेले प्लॅटिनम वापरावे लागते, अन्यथा लोखंडच अधिक भरवशाचे ठरते. हे मी लोखंडाच्या बाजूनेही मान्य करतो.

लेखातल्या पॅलेडियम जोडणीबद्दल माझी तक्रार नाही. १९९५ च्या सुमारास बुखवाल्ड आणि हार्टविग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे जी पद्धत रूढ केली, तिने औषधशास्त्रज्ञांचे काम सोपे केले. ॲरिल हॅलाइड (क्लोरिन किंवा ब्रोमिन जोडलेले वलय), अमाइन, एक आम्लारी, पॅलेडियम आणि त्याला सांभाळणारे फॉस्फिन हे फॉस्फरसचे संयुग एकत्र आणले, की पूर्वी तांब्यावर चालणाऱ्या उलमान आणि गोल्डबर्ग यांच्या तप्त अभिक्रियांपेक्षा सौम्य परिस्थितीत नायट्रोजन थेट कार्बनला जोडता येतो. गुंतागुंतीच्या औषधाच्या शेवटच्या टप्प्यावर हे अमोल आहे. पण साध्या प्राथमिक अमाइनसाठी, जो टनावारी विकला जातो, कोणी पॅलेडियम आणि फॉस्फिन विकत घेत बसणार नाही. आणि तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या औषधात पॅलेडियमचे प्रमाण दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आत राखायचे म्हटल्यावर ते काढून टाकण्याचाही खर्च येतो. लेखकाने या दोन बाजारपेठांची गल्लत केली आहे.

पॅरासिटामॉलचे उदाहरण घ्या, ते सर्वांच्या घरी आहे. त्याच्या आधीचे रसायन पॅरा-अमिनोफिनॉल हे पॅरा-नायट्रोक्लोरोबेंझीनपासून नायट्रोफिनॉल आणि मग लोखंडाने क्षपण, या वाटेने बनवता येते, आणि त्यातही किलोमागे दीड किलोहून जास्त लोह ऑक्साइड हाती येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९९ मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्लात प्लॅटिनमवर नायट्रोबेंझीनचे हायड्रोजनेशन करून हेच रसायन एका टप्प्यात मिळवण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. यात क्षपण अर्ध्यावर, हायड्रॉक्सिलअमाइनपाशी अडवले जाते आणि आम्लामुळे त्यातला नायट्रोजनवरचा ऑक्सिजन पाण्याच्या रूपात निघून जातो व वलयाच्या समोरच्या टोकाला पाण्यातला हायड्रॉक्सिल गट जोडला जातो. उपउत्पादन म्हणून ॲनिलीन मिळते. केंद्र सरकारने २०२० मध्ये जाहीर केलेल्या औषधी कच्च्या मालाच्या उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनेत पॅरा-अमिनोफिनॉलचा समावेश आहे, तो आयातीवरचे अवलंबित्व कमी व्हावे म्हणून. आधुनिक पद्धतींवरच्या लेखात या प्रयोगशाळेचा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटते. आपल्या वाचकांना बुखवाल्ड यांच्याइतकेच पाषाण रस्त्यावरच्या या प्रयोगशाळेचे काम माहीत व्हायला हवे.

माझी सूचना अशी आहे. ज्याप्रमाणे औद्योगिक वसाहतींत सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रे उभी राहिली, त्याप्रमाणे एखाद्या वसाहतीत सामायिक हायड्रोजनेशन केंद्र उभारावे. तिथे दोन-तीन आकारांचे ऑटोक्लेव्ह, हायड्रोजनचा साठा, उत्प्रेरकाची पुनर्प्राप्ती आणि चोवीस तास हजर असणारा प्रशिक्षित माणूस असावा. लहान कारखान्याने आपले नायट्रो संयुग द्यावे आणि अमाइन घेऊन जावे. भाड्याने हायड्रोजनेशन करून देणारे आजही आहेत, पण लहान बॅचला त्यांच्याकडे रांग असते. सतत प्रवाहाने चालणारे छोटे रिॲक्टर हाही एक पर्याय आहे, कारण त्यात एका वेळी दाबाखाली असणारा माल थोडा असतो. हायड्रोजन टाळण्यासाठी काही जण हायड्राझिन हायड्रेटकडे वळतात. त्याची विषारीपणाची वेगळी कहाणी असल्याने तो मला लोखंडावरचा उपाय वाटत नाही.

आणखी एक गोष्ट महाविद्यालयांची. माझी नात विज्ञान शाखेत पदवीच्या वर्गात आहे. तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत नायट्रोबेंझीनपासून ॲनिलीन करण्याची कृती कथिल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचीच आहे, माझ्या वहीतही तीच होती. चुटकीभर प्रयोगाला ती चालते. पण त्याच पानावर हायड्रोजनचा मार्ग, त्याची उष्णता आणि गाळाचा हिशोब आला, तर कारखान्यात पाऊल टाकणाऱ्या मुलाला फिल्टर प्रेससमोर उभे राहण्याआधी निदान फावड्याच्या पुढे काय आहे हे ठाऊक असेल. पुढच्या लेखात ‘मागे पडली’ हे वाक्य दुरुस्त करून आपण लोखंडाच्या क्षपणाची सद्यस्थिती छापावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त उत्पादन रसायनज्ञ, बोईसर, जि. पालघर