तुमच्या माणसाने फायबरच्या बॉडीला अर्थची वायर मारली आणि तुम्ही मला गाडी बदला म्हणता

प्रति,
ग्राहक सेवा विभागाचे मॅनेजर

विषय: सीटखालचा छोटा अ‍ॅक्टिव्ह सबवूफर (आतच अँप असलेला, बेस वाजवणारा स्पीकर), त्याचं फिटिंग आणि काल संध्याकाळचा फोन

काल तुमच्या हेल्पलाइनला माझा सहावा फोन झाला. सातवा करणार नाही म्हणून लिहून पाठवतोय. हे पत्र ज्याला अँपची (अ‍ॅम्प्लिफायरची) अर्थ, म्हणजे करंट परत बॅटरीला नेणारी वायर, काय असते हे कळतं त्याच्याच हातात द्या.

गाडी सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, दोन सीटची, ११४९ सीसीचं रेनॉचं इंजिन आणि बॉडी फायबरची. हे मी बुकिंगच्या फॉर्मवर लिहून दिलं होतं. तुमच्या कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने बॉनेटवर बोटाने टकटक करून बघितलं आणि 'फायबर हाय व्हय' म्हणाला, म्हणजे त्याला माहीत होतं. एवढ्याशा गाडीत डिकीत बॉक्स ठेवला तर बॅग ठेवायला जागा उरत नाही आणि छत उघडून हायवेला लागलं की दाराच्या स्पीकरचा बेस वाऱ्यात कुठल्याकुठे जातो, म्हणून तर सीटखाली लपणारा सबवूफर शोधत होतो. त्याच्यासाठी पॅसेंजर सीटची रेल उद्यमनगरात नेऊन दोन सेंमी उचलून घेतली, आधी पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा करून बसतोय का बघितलं, मगच १४,५०० रुपये भरले. फिटिंगचे १,८०० वेगळे.

आता फिटिंग काय केलं ते सांगतो. अर्थची वायर सीटच्या मागच्या फायबरच्या पॅनेलमध्ये सेल्फ स्क्रू मारून बसवली. पत्र्याच्या गाडीत कुठेही घासून स्क्रू मारला तरी चालतं कारण बॉडीतून करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो, फायबरमधून करंट जात नाही, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. अर्थ खालच्या लोखंडी चासीला द्यायची नाहीतर सरळ बॅटरीपर्यंत न्यायची. ती कुठेच दिली नाही, मग करंटने वाट शोधली आरसीए केबलची, म्हणजे डेककडून (गाडीच्या म्युझिक सिस्टीमकडून) सबवूफरला आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या केबलची. सबवूफर धड वाजेना, रेस दिली की शिट्टीसारखा आवाज वर चढायचा, रेस सोडली की खाली यायचा. तिसऱ्या दिवशी गगनबावड्याहून परत येताना डेक अचानक गप्प झाला, मी हात घालून केबल धरली तर ती गरम, प्लगजवळचं प्लास्टिक मऊ पडलेलं, बोटाचा ठसा उठला त्याच्यावर. डेकचं प्रीआउट, म्हणजे ती केबल जिथे लागते ते आउटपुट, गेलं ते गेलंच.

उद्यमनगरातल्या माझ्या ओळखीच्या वायरमनने मीटर लावला, एक टोक त्या स्क्रूला आणि एक बॅटरीच्या निगेटिव्हला. कंटिन्युइटी शून्य, म्हणजे जोडणीच नाही. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, 'भावा, फायबरला अर्थ कुठनं लागतंय?' मग त्याने बॉनेट उघडलं आणि मला जे दाखवलं त्याने माझ्या पोटात गोळा आला. बॅटरीपासून निघालेल्या पॉवर केबलला फ्यूजच नाही! तुमच्याच मॅन्युअलमध्ये लिहिलंय की बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज पाहिजे, १५ अँपिअरचा. ती केबल इंजिनच्या बाजूने आत येते, कुठे घासून चासीला टेकली आणि आग लागली तर फायबरची गाडी किती वेळ टिकणार? त्या सीटवर माझी बायको बसते.

आणि कालचा फोन. तेवीस मिनिटं. पहिल्या मॅडमनी गाडीचं नाव तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं, शेवटी 'सर, आमच्या लिस्टमध्ये ही गाडीच नाहीये' म्हणाल्या. मी म्हटलं लिस्टमध्ये नव्हती तर पैसे कशाचे घेतले? मग फोन साहेबांकडे गेला. त्यांना मी सगळं सांगितलं, अर्थ, केबल, फ्यूज, मीटरचं रीडिंग, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत ते. ते म्हणाले, 'सर, दोन सीटच्या गाडीत बेस येतच नाही, बेसला जागा लागते.' अहो तुम्ही सबवूफर विकता! खालच्या बेसची, म्हणजे ४० हर्ट्झची, आवाजाची एक लाट साडेआठ मीटरची असते, ती कुठल्याच गाडीत मावत नाही, आणि छत बंद केलेल्या छोट्या केबिनमध्ये तर खालचा बेस उलट वाढतो, म्हणून तर एवढासा डबा गाडीत चालतो. हे मी त्यांना शांतपणे सांगितलं, खरंच शांतपणे, शेजारी बायको बसली होती तिला विचारा. त्यावर ते म्हणाले, 'टेक्निकल तुम्ही नका सांगू सर, तुम्ही कस्टमर आहात. जुनी गाडी आहे, जुन्या गाडीत असं होणारच, दुसरी गाडी घ्यायचा विचार करा.' मी फ्यूजचं विचारत होतो तोवर फोन कानाला असतानाच मेसेज आला, आपली तक्रार सोडवली आहे.

दुसरी गाडी घ्या? ही गाडी उभी करायला मला दोन वर्षं लागलीत, एकेक रबर, एकेक काच कुठून कुठून गोळा केलीय. ज्या पॅनेलमध्ये तुमच्या पोराने स्क्रू मारला त्याला आता चार बोटं लांब तडा गेलाय. पत्रा असता तर ठोकून घेतला असता. नवीन पॅनेल मला कुठेच मिळेना.

मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो. सबवूफर आणि फिटिंगचे १६,३०० परत, डेकच्या दुरुस्तीचा खर्च, पॅनेलचं फायबरचं काम, आणि ती केबल बिनफ्यूजची का सोडली ह्याचं लेखी उत्तर. फ्यूजचं उत्तर आधी द्या, कारण त्या सेंटरमध्ये आणखी किती गाड्यांना अशी केबल टाकली असेल देव जाणे.

पंधरा दिवसांत काही आलं नाही तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच केस करता येते, म्हणजे कोल्हापुरात, तुमच्या हेड ऑफिसच्या गावी मला यावं लागणार नाही, तुम्हालाच इथे यावं लागेल. भरलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी पण नाही. बिल, फोटो, व्हिडिओ सगळं आहे.

माझ्या पहिल्या गाडीत तुमचेच स्पीकर होते. बारा वर्षं वाजले, एकदाही कुरकुर केली नाही. म्हणून ह्या गाडीलाही दुसरं काही बघितलं नाही मी. ते स्पीकर बनवणारी माणसं अजून तुमच्याकडे असतील तर त्यांना हे पत्र वाचायला द्या.

तुमचा ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर

ता.क. सबवूफर काढून ठेवलाय, तो स्क्रू आणि वितळलेली केबल पण पिशवीत जपून ठेवलीय. बघायला माणूस पाठवणार असाल तर मीटर घेऊन पाठवा, आणि ड्रिल मशीन आणायचं नाही. गाडीला आता माझ्यासमोरच हात लावायचा.