विकेंद्रित म्हणजे बिनमालकाचं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोशल मीडियाच्या कंपन्यांना नावं ठेवून झाली की शेवटी एक सल्ला हमखास येतो, की आता विकेंद्रित जागांकडे वळा, तिथे जाहिराती नाहीत, अल्गोरिदम नाही, मालक नाही. पेपरात छापून येतो, लोक एकमेकांना फॉरवर्डही करतात. पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी खऱ्या आहेत, तिसरी अजिबात नाही. मी विज्ञान आणि निसर्गाची आवड असणाऱ्यांसाठी मास्टोडॉन या ट्विटरसारख्या विकेंद्रित नेटवर्कचा एक छोटा सर्व्हर चालवते, त्यामुळे 'मालक नाही' हे ऐकलं की हसू येतं, कारण डिस्क भरली की रात्री उठून ती साफ करणारं कुणीतरी असतं आणि आमच्याकडे ती मीच.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मास्टोडॉन २०१६ साली आलं, त्याचा कोड खुला आहे, कुणीही आपला सर्व्हर उभा करू शकतं, आणि हे हजारो सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे ठरलेल्या सामायिक नियमांनी बोलतात, ज्याला वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. ईमेलसारखंच, तुमचा पत्ता एका ठिकाणचा, माझा दुसऱ्या ठिकाणचा, तरी पत्र पोचतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर विकलं गेलं आणि पुढच्या काही आठवड्यांत पक्षीनिरीक्षक, खगोलवाले, कीटकांचा अभ्यास करणारे, सगळे इकडे लोटले. त्यातले काही रमले, बरेच परत गेले, आणि परत जाणाऱ्यांची तक्रार एकच, इथे काही दिसतच नाही.

ती तक्रार रास्त आहे. छोट्या सर्व्हरवर जगातलं सगळं आपोआप येत नाही, तिथला कुणीतरी सदस्य ज्याला फॉलो करतो त्याच्याच पोस्ट प्रामुख्याने तिथे पोचतात. सदस्य कमी तर टाइमलाइन ओसाड. म्हणून मी स्वतः ढीगभर खाती फॉलो करून ठेवली आहेत, शेवाळं, कोळी, धूमकेतू, काय वाट्टेल ते, फक्त नवीन माणसाला आल्या आल्या रिकामी भिंत दिसू नये म्हणून. हॅशटॅगवरून शोधण्याचंही तसंच, आपल्या सर्व्हरवर पोचलेल्याच पोस्ट सापडतात. नुसत्या शब्दांवरून शोधलं तर ज्यांनी परवानगी दिलीय त्यांच्याच पोस्टचा मजकूर सापडतो आणि ही सोयही २०२३ मध्येच आली, म्हणजे पतंगाचा सुंदर फोटो टाकला आणि हॅशटॅग दिला नाही तर ज्याला तो ओळखता आला असता त्याच्यापर्यंत तो बहुतेक जाणारच नाही.

आता डिस्कचं. आपल्या लोकांनी टाकलेले फोटो थोडेच असतात, खरी जागा खातात ते इतर सर्व्हरवरून आलेल्या फोटोंच्या साठवलेल्या प्रती. मे २०२४ मध्ये जे सौर वादळ आलं, २००३ नंतर पहिल्यांदाच सगळ्यात वरच्या पातळीचं, तेव्हा कुठून कुठून ध्रुवीय प्रकाशाचे गुलाबी-हिरवे फोटो येत होते, बघायला अप्रतिम. अशा रात्री लोक आकाशाकडे बघतात आणि ॲडमिन, म्हणजे सर्व्हर चालवणारा, डिस्कच्या आकड्याकडे बघतो. जुन्या प्रती पुसायची कमांड असते, ती वेळापत्रकात लावून टाकायची, पण ते लावावं लागतं हे आधी माहीत तर हवं.

पण हे सगळं तांत्रिक झालं, शिकता येतं. मला खरी काळजी वाटते ती घरट्याच्या फोटोची, कारण त्यावरून घरट्याची जागा शोधता येते. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर धोक्यातल्या प्रजातीची नोंद केली की नेमकी जागा आपोआप झाकली जाते, नकाशावर साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकटीतला भलताच बिंदू दिसतो. आमच्याकडे तसं काहीही नाही. फोटो अपलोड करताना त्यातला जीपीएसचा तपशील मास्टोडॉन काढून टाकतं हे खरं, पण मागची टेकडी, पाण्याची टाकी, वळणावरचा बोर्ड हे कोण काढणार? त्यात विकेंद्रित असण्याची गंमत अशी की पोस्ट टाकल्या क्षणी ती जिथे जिथे फॉलोअर आहेत त्या सगळ्या सर्व्हरवर जाते, आणि नंतर तुम्ही डिलीट केली तर तिकडे फक्त 'हे पुसा' अशी विनंती जाते, ती पाळायची की नाही, पोचली की नाही, हे आपल्या हातात राहत नाही. कंपनीच्या साइटवर निदान एका ठिकाणी तक्रार करता येते. म्हणून आमचा नियम कडक आहे, पिल्लं उडून गेल्याशिवाय घरट्याचा फोटो नाही, दुर्मीळ ऑर्किडची जागा नाही, घुबड रोज कुठल्या झाडावर बसतं ते नाही. काही सदस्य यावरून रागावून गेले. जाऊ देत.

दुसरा कडक नियम अळंबीचा. ओळखा म्हणा, खाऊ का म्हणून विचारू नका. डेथ कॅप नावाच्या अळंबीचं विष शिजवून जात नाही आणि त्रास बहुतेकदा ६ ते १२ तासांनी सुरू होतो, तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असू शकतं, आणि फोटो बघून 'चालेल' म्हणणारा उत्साही माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच.

आता मालकाकडे येते. तुम्ही ज्याला खासगी मेसेज समजता तो एन्क्रिप्टेड नसतो, ॲडमिनने ठरवलं तर तो डेटाबेसमधून वाचू शकतो. ॲडमिन एखादा अख्खा सर्व्हर ब्लॉक करू शकतो, मग तिथल्या तुमच्या ओळखीच्या लोकांशी असलेलं फॉलो करणं तुटतं. आणि ॲडमिन थकू शकतो. मास्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी हा हजारो खात्यांचा सर्व्हर २०२२ च्या शेवटी बंद झाला, कारण चालवणाऱ्याला घरच्या अडचणींतून वेळ काढणं शक्य राहिलं नाही. त्याने रीतसर आधी कळवलं होतं, सगळे कळवतातच असं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विअर डॉट एएफ या सर्व्हरचं तर नावच गेलं, कारण डॉट एएफ अफगाणिस्तानचं आणि तिथल्या सरकारने डोमेन काढून घेतलं. नाव ऐकायला छान वाटतं म्हणून दुसऱ्या देशाचं डोमेन घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

खातं दुसरीकडे हलवता येतं, फॉलोअर सोबत येतात, पण जुन्या पोस्ट मागेच राहतात. निसर्गाच्या नोंदी ठेवणाऱ्यांना हे फार लागतं, कारण कुठला पक्षी कोणत्या आठवड्यात दिसला यालाच तर किंमत असते. म्हणून मी आमच्या लोकांना सारखं सांगते की गप्पा इथे मारा पण नोंद आयनॅचरलिस्ट किंवा पक्ष्यांच्या नोंदींच्या ईबर्डवर करा, तिथून ती जीबीआयएफसारख्या जीवसृष्टीच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाऊ शकते आणि अभ्यासकाच्या हाती लागते. सर्व्हर चालवणारीनेच असं सांगावं हे काहींना विचित्र वाटतं, मला वाटत नाही.

तेव्हा एक विनंती. या जागांबद्दल पुढच्या वेळी छापाल तेव्हा 'खातं कसं उघडायचं' याच्यासोबत सर्व्हर निवडताना काय विचारायचं तेही छापा. बॅकअप रोज होतो का, सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे अडीअडचणीला आत शिरायची सोय, दुसऱ्या कुणाकडे आहेत का, बंद करायचा झाला तर किती आधी सांगणार. मास्टोडॉन आपल्या साइटवर ज्या सर्व्हरची यादी देतं त्यांच्याकडून या गोष्टींचं वचन घेतलं जातं, बंद करण्याआधी ३ महिन्यांची सूचना हे त्यातलंच. शिवाय पैसे कुठून येतात हेही विचारा, आमच्याकडे सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून येतात आणि जमाखर्च सगळ्यांना दिसतो.

आमची नोंदणी सध्या बंद आहे. तक्रारी बघणारे आम्ही दोघंच आहोत आणि आणखी माणसं घेतली तर ते काम नीट होणार नाही, तिसरं कुणी मिळालं की उघडू. वाचकांपैकी कुणाला सर्व्हर ज्यावर चालतात ते लिनक्स थोडंफार येत असेल, किंवा तेही नको, नुसता भांडणं शांतपणे वाचायचा पेशन्स असेल, तर आवडीच्या कुठल्याही छोट्या सर्व्हरला मदत हवी का म्हणून विचारून बघा. नको म्हणणारा ॲडमिन मला तरी अजून भेटलेला नाही.

आपली,
एक वाचक