सोमवारपासून मावशी येणारेत

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई तू मध्येच "बरं बरं, ठेवते" म्हणाली असतीस, म्हणून लिहितेय. सोमवारपासून आपल्याकडे स्वयंपाकाला मावशी येणारेत. पहिल्या महिन्याचे पैसे पण देऊन झालेत, त्यामुळे आता नाही म्हणू नका.

आई, तुझ्या हाताला नावं ठेवायला नाही गं. पण रविवारी ओट्याखालच्या कचऱ्यात खारीच्या 4 रिकाम्या पिशव्या दिसल्या आणि कळलं की गुडघ्याच्या ऑपरेशनपासून रात्री तुम्ही चहा-खारीवर भागवताय आणि मला सांगता पोळी-भाजी झाली. चूक माझीच, मुलुंड ते परळ काय लांब आहे, पण येते तीच पळायच्या तयारीत.

बाबांचं पोट पण उगाच नाही बिघडलं. दाढेसाठी अँटिबायोटिक घेतलं, त्यात पोटातले चांगले बॅक्टेरिया पण मरतात, आणि वर रोज मैदा. मोठ्या आतड्यातल्या त्या बॅक्टेरियांचं जेवण म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा, फायबर. तो ते आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं एक फॅटी ॲसिड तयार होतं आणि त्यावर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. डब्ल्यूएचओ म्हणते दिवसाला निदान 25 ग्रॅम फायबर हवं, खारीत कुठून येणार! बाबा, तुम्ही सकाळी ज्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून फिरायला जाता ना, ती ज्यांच्या नावाची, त्या शास्त्रज्ञ हाफकिनचे गुरू मेचनिकॉफ, ते दह्यातल्या बॅक्टेरियाच्या मागे लागले होते. नोबेल मिळालं 1908 ला, पण ते प्रतिकारशक्तीच्या कामासाठी, दह्यासाठी नाही, नाहीतर आई आत्तापर्यंत दोन घेऊन बसली असती.

मावशी 10 ला येतील, 12 ला जातील. बाबांचा पेपर, दुपारची झोप, तुमचा चहा, कशालाच हात लागणार नाही. लोणच्याच्या बरणीलाही नाही, मी बजावलंय. रविवारचे बोंबील आई तूच कर, मी येतेय खायला.

मटकीची उसळ, नाचणीची भाकरी, पेरू, पण हळूहळू वाढवा, एकदम नको, नाहीतर गॅस होईल आणि बाबा मलाच शिव्या देतील. पाणी प्या. ताक गार प्या, कढी चवीला ठीक आहे पण उकळल्यावर त्यात जिवंत काही उरत नाही. उरलेला भात लगेच फ्रीजमध्ये, रात्रभर ओट्यावर नको, दुसऱ्या दिवशी फोडणीचा करा, गार झालेल्या भातातला थोडा स्टार्च पण त्या बॅक्टेरियांच्याच पोटात जातो. आणि संडासला रक्त दिसलं तर लाजायचं नाही, त्याच दिवशी मला फोन.

लहानपणी पोट दुखलं की तू बेंबीभोवती हिंग लावून रात्रभर हात फिरवायचीस, आठवतं? तो वास अजून मला झोपेचाच वाटतो. आता माझी पाळी आहे, एवढंच समज.

बाबा, भाजणीच्या डब्यामागे लपवलेली चूर्णाची बाटली शोधत बसू नका. डॉक्टरांनी रोज घेऊ नका सांगितलं होतं. ती माझ्या पर्समध्ये आहे.

तुमची,
चिमी