पक्षी आल्याची बातमी होते, परतल्याचीही व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की ‘सायबेरियाचे पाहुणे तलावावर दाखल’ ही बातमी दरवर्षी छापून येते. ते पाहुणे परत कधी गेले, हे मात्र कुठेच वाचायला मिळत नाही. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, त्यामुळे ऐन थंडीतले आकडे तरी मिळतात. खरी उणीव आहे ती १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल या दोन महिन्यांच्या नोंदींची. गोंदिया-भंडाऱ्याच्या मालगुजारी (जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांवर आणि गावोगावच्या बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, ही नोंद गावातला कोणीही करू शकतो. म्हणून हे पत्र.

आधी सायबेरियाबद्दल. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट, लडाख, मंगोलियाकडून येतो. नारिंगी-तांबूस चक्रवाकाची वीणही लडाख-तिबेट आणि मध्य आशियात होते. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक यांच्यापुरती सायबेरिया-कझाकस्तानची गोष्ट बरोबर आहे. पण बातमीसोबतच्या छायाचित्रात पुष्कळदा अडई किंवा हळदी-कुंकू बदक असते. ही दोन्ही इथलीच, पावसाळ्यात इथेच अंडी घालणारी.

ओळख चुकण्याचे एक कारण पिसांतही आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बदकांचे नर मादीसारखेच मळकट तपकिरी दिसतात. जानेवारीपर्यंत तलवार बदकाचा नर खुलतो: चॉकलेटी डोके, मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ, लांब टोकदार शेपूट. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई उठून दिसायला बहुधा फेब्रुवारी उजाडतो. पिवळा धोबी हिवाळाभर फिकट असतो आणि मार्चअखेर पोटाशी हळदीसारखा होतो. डोके राखी की काळे, यावरून त्याच्या उपजाती ओळखायच्या त्या तेव्हाच. पश्चिम विदर्भातल्या शेतांत उतरणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारीटाचे तर पिसांचे फिकट टोक झिजून खालचा काळा रंग वर येतो, तोही परतीच्या तोंडावर. म्हणजे पक्षी ओळखायला सगळ्यात सोपे दिवस आपण नेमके वाया घालवतो.

आता नोंद कशी करायची ते. एक तलाव धरा आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी ७ ते ९ या वेळेत जा. ढिवर बांधव डोंगे घेऊन पाण्यात उतरण्याआधी मोजणी उरकली पाहिजे, कारण एकदा थवा उठला की निम्मा शेजारच्या तलावावर जातो. बसायचे पूर्वेकडच्या काठाला, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. पश्चिमेकडून पाहिले तर सगळी बदके नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, माथ्यावरून चालत जाऊ नका. आभाळावर उमटलेली माणसाची आकृती बदकांना लांबूनच दिसते. पाळीआड बसून फक्त डोके वर काढा. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते, मोठ्या तलावाला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण, असली तर उत्तम.

मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी १० पक्षी मोजा, तेवढ्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरवा आणि तो तुकडा थव्यावर सरकवत न्या. तीनशेच्या वर थवा असेल तर ५० चा तुकडा धरा. दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि आकडा एकमेकांना शेवटीच सांगावा; फार तफावत आली तर पुन्हा मोजावे. लागून लागून दोन तलाव असतील तर दोन गटांनी एकाच वेळी मोजावे, नाहीतर तोच थवा दोनदा वहीत चढतो. पट्टकादंब रात्री नि पहाटे शेतात चरून मग पाण्यावर विसावतात. ७ वाजता ते दिसले नाहीत म्हणून ‘गेले’ लिहू नका, ९ पर्यंत थांबा. एखाद्याच्या मानेत अभ्यासकांनी घातलेला रंगीत पट्टा असेल तर रंग आणि त्यावरची अक्षरे टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे शून्यही लिहायचे. ‘तलवार बदक, शेवटचे १२ मार्च’ या नोंदीला अर्थ येतो तो १९ आणि २६ मार्चला तिथे जाऊन ‘०’ लिहिले असेल तेव्हाच. पुढे कोणी गेलेच नसेल, तर ती तारीख पक्ष्याच्या परतीची नव्हे, माणसाच्या शेवटच्या फेरीची ठरते.

दुसरी फसगत पाण्यामुळे होते. उन्हाळी धानासाठी फेब्रुवारीपासून तलावाचे पाणी उपसले जाते. पाणी हळूहळू उतरते तेव्हा काठाला ओल्या चिखलाचा पट्टा तयार होतो आणि तुतवार, चिखले, शेकाटे या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची चंगळ होते. तेच पाणी मोटारी लावून आठ-दहा दिवसांत खेचले, तर चिखल वाळून भेगाळतो आणि बदकांना पोहायलाही जागा उरत नाही. मग ती वेळेआधीच उठतात. वहीत नुसती तारीख असेल तर वाटेल, यंदा स्थलांतर लवकर झाले. म्हणून प्रत्येक फेरीला पाण्याच्या कडेपासून कोरड्या जमिनीपर्यंतचा चिखल पावलांनी मोजून लिहा. मोटारी किती चालू होत्या, काठाचे गवत जाळले का, बेशरमीची झुडपे किती पसरली, हेही. काठाचा पाला जळाला की निळ्या गळ्याचा शंकर हा छोटा पक्षी दिसेनासा होतो, त्याचे कारण कुठल्याही कॅलेंडरात सापडणार नाही.

तलाव जवळ नसेल तर पळस आणि काटेसावर पाहा. फुलोऱ्यावर भोरड्यांचे (गुलाबी-काळ्या मैनांचे) थवे मधुरस प्यायला येतात. कपाळ परागाने पिवळे झालेली भोरडी वेगळी जात समजू नका. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक भोरड्या मध्य आशियाकडे निघून जातात.

आपल्याला विनंती अशी की, फेब्रुवारीच्या मध्यापासून दर आठवड्याला अशा नोंदींसाठी चार ओळींची जागा द्यावी: गाव, तलाव, तारीख, पक्षी, संख्या, चिखलाची रुंदी. थवा उडवून घेतलेली आणि ड्रोनने टिपलेली छायाचित्रे मात्र छापू नयेत. परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी साठवण्याचे हेच दिवस असतात. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते आणि चरायचा वेळही बुडतो.

आपले,
काही पक्षिनिरीक्षक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया