ताईच्या ओढणीवरचं दुसरं रक्त कुणाचं?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

विषय : ठाण्यातील १९९४ सालच्या खुनाचा मुद्देमाल आणि डीएनए तपासणी

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या बहिणीच्या खुनाविषयी गेल्या सोमवारी मला पोलीस ठाण्याकडून एक पानी उत्तर आलं. ‘सदर गुन्ह्यातील मुद्देमाल जुना असल्याने व दरम्यानच्या काळात हद्दीची पुनर्रचना झाल्याने सद्यस्थितीत मिळून येत नाही.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. चार महिन्यांपूर्वी तुमच्याच खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मला समोर बसवून शब्द दिला होता, की तिचे कपडे आणि तिथल्या फुटलेल्या काचा शोधतो, डीएनएसाठी पाठवतो, पंधरा दिवसांत कळवतो. त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना त्या शब्दाची नोंद कुठेच सापडत नाही.

पोलीस ठाण्याचं आणि माझं नाव इथे देत नाही. माझी पुतणी लग्नाची आहे आणि आमच्या नावाला हे प्रकरण आधीच पुरेसं चिकटलेलं आहे. तुमच्या कार्यालयाच्या आवक शाखेत दिलेल्या प्रतीवर गुन्हा रजिस्टर नंबरासकट सगळं आहे.

माझी ताई वागळे इस्टेटमध्ये एसटीडी बूथ चालवायची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय अधू होता, बूथ तिला अपंगांच्या कोट्यातून मिळाला होता. तेव्हा रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट व्हायचा, म्हणून खरा धंदा अकरानंतरचाच. दुसरी पाळी सुटलेले कामगार गावी फोन लावायला रांगेत उभे असायचे. त्या रात्री बिलाच्या मशीनवरचा शेवटचा कागद ११ वाजून ५२ मिनिटांचा होता, रत्नागिरीचा कॉल. साडेबाराला दादा तिला आणायला गेला तेव्हा केबिनची काच फुटलेली होती, गल्ला उघडा होता आणि ताई खुर्ची आणि भिंतीच्या मध्ये पडलेली होती. तिच्याच ओढणीनं गळा आवळला होता.

काच फुटली होती ती मारेकऱ्याच्या हातानं. तो कापला गेला होता. सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात, स्पष्ट लिहिलं आहे : ओढणीवर आणि काचेच्या तुकड्यांवर दोन रक्तगट, एक ‘ओ’, एक ‘बी’. ताईचा ‘ओ’. म्हणजे ‘बी’ त्याचा. माझ्या बहिणीला मारणारा माणूस आपली खूण त्या ओढणीवर ठेवून गेला, तुमच्या खात्यानं ती लाखेचं सील मारून ताब्यात घेतली, आणि आज तुम्ही मला सांगता की ती मिळून येत नाही.

आता दादाविषयी. हे पत्र खरं तर त्याच्यासाठी आहे.

दादा वागळेमध्येच प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होता. पत्रा कापणाऱ्या माणसाचे हात पाहिलेत कधी? अंगठ्याजवळ एक पट्टी जुनी होते तोवर दुसरी लागलेली असते. त्या आठवड्यात त्याच्या उजव्या हाताला पट्टी होती. त्याचा रक्तगट ‘बी’. आणि महिनाभर आधी बूथच्या हिशेबावरून त्याचं आणि ताईचं मोठ्यानं भांडण झालं होतं, ते चाळीत सगळ्यांनी ऐकलं होतं. पोलिसांना एवढं पुरलं. आपल्याकडे साधारण तिघांत एकाचा रक्तगट ‘बी’ असतो, हे तपास अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. कंपनीच्या हजेरी पटावर तो त्या रात्री बारापर्यंत मशीनवर होता, सोबतच्या कामगारांनी तसं सांगितलंही. तरी त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं, रात्र रात्र बसवलं, पायाच्या तळव्यांवर पट्टे मारले. अटक केली नाही, कारण अटक करण्याइतकं काही नव्हतंच. सोडलं, पण ‘तुझ्यावर संशय नाही’ असं एका ओळीनंही लिहून दिलं नाही. मग ‘ए’ समरी. गुन्हा खरा, आरोपी अज्ञात. न्यायालयानं ती मंजूर केली आणि तुमच्या दप्तरी विषय संपला.

आमच्या घरी तो कधीच संपला नाही. दादाची नोकरी गेली. वहिनीच्या माहेरच्यांनी येणं-जाणं सोडलं. आई जेवायला वाढायची, औषधं विचारायची, पण ‘तू केलंस का रे?’ हे तिनं इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि ती विचारत नाही हे दादाला दिसत होतं. माणूस ओरडून ‘मी नाही’ म्हणू शकतो, पण न विचारलेल्या प्रश्नाला काय उत्तर देणार? २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. शेवटच्या फोनवर ऑक्सिजनच्या मास्कमधून तो मला म्हणाला, “ती ओढणी तपासायला लाव.” तेवढंच ऐकू आलं.

साहेब, हे काम अशक्य कोटीतलं आहे असं मला सांगू नका. अलेक जेफ्रीस यांनी इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात डीएनएचा ठसा शोधला तो १९८४ साली. त्याच भागात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. एका तरुणानं पोलिसांपुढे एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनएनं आधी काय केलं, तर त्या तरुणाला निर्दोष ठरवलं. खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क, त्यानंतर सापडला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. जगात डीएनएनं उलगडलेल्या त्या पहिल्या खुनाच्या तपासात खुनी पकडला जाण्याच्या आधी एक निरपराध माणूस सुटला, हे तुमच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगायला हवं.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७४ ते १९८६ या काळात खून आणि बलात्कार करत फिरलेला जोसेफ डीअँजेलो २०१८ च्या एप्रिलमध्ये पकडला गेला. तो स्वतः माजी पोलीस होता. तेरा खून त्यानं कबूल केले. कसा सापडला? व्हेंचुरातल्या १९८० च्या खुनाचा नमुना तिथल्या लोकांनी जपून ठेवला होता. त्यावरून दूरच्या नातेवाइकांचा माग काढत, वंशावळ मांडत तपास त्याच्या दारापर्यंत आला. तंत्र नंतर आलं. नमुना अडतीस वर्षं टिकला होता, म्हणून ते तंत्र कामी आलं.

आणि परदेशाचं कशाला? हैदराबादच्या सीसीएमबी या सरकारी जीवशास्त्र संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी ऐंशीच्या दशकातच हे काम भारतात उभं केलं. १९९१ मध्ये राजीव गांधींच्या हत्येच्या तपासात डीएनए वापरला गेला. १९९५ मध्ये पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग यांच्या हत्येतही. दिल्लीतल्या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या, प्रियदर्शिनी मट्टूच्या १९९६ च्या खुनाच्या खटल्यात डीएनएचा पुरावा होता, खालच्या कोर्टानं आरोपीला सोडलं तरी दिल्ली उच्च न्यायालयानं २००६ साली दोषी ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. म्हणजे १९९४ साली हे शास्त्र या देशात होतं. ते वागळे इस्टेटच्या एका बूथपर्यंत आलं नाही, कारण मेलेली बाई कुणी मोठी नव्हती. मी हे रागानं लिहितोय, पण खोटं लिहीत नाही. तुम्हीच सांगा, दुसरं कारण काय?

दादा गेला, त्याची राख झाली, आता तपासणार काय, असं एका कर्मचाऱ्यानं मला ऐकवलं. त्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. बाईच्या पेशीत वाय गुणसूत्र नसतं, त्यामुळे दोघांचं रक्त मिसळलेल्या डागातूनही पुरुषाचा वाय वेगळा वाचता येतो. हा वाय बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. दादाचा आणि माझा बाप एक, म्हणजे वाय एक. माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवा आणि ओढणीवरच्या डागाशी ताडून पाहा. जुळला नाही, तर माझा भाऊ निर्दोष आहे, आणि ते त्याच्या मुलीला मी कागदावर दाखवू शकेन. आणि जुळला, तर पुढच्या तपासाला लागेल ती मदत मी करीन. हे मी लेखी दिलेलं आहे. यात कुणाच्या खासगीपणाचा भंग होतो? नमुना माझा, संमती माझी.

वाळलेलं रक्त कागदात, कोरड्या जागी ठेवलं तर डीएनए कित्येक दशकं टिकतो. त्याला मारतात ओल आणि उष्णता. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या कपड्याला बुरशी धरते. एका पोलीस ठाण्याची मुद्देमालाची खोली मी दारातून पाहिली आहे. जिन्याखालची जागा, छताला ओल, गोण्यांवर गोण्या, त्यात हातभट्टीचे कॅन, एक सायकल, गाठोडी, आणि लेबलांच्या चिठ्ठ्या उंदरांनी कुरतडून खाली पडलेल्या. कुठली चिठ्ठी कुठल्या गाठोड्याची, हे तिथल्या कारकुनालाही सांगता आलं नसतं. त्याचा दोष नाही. तो एकटा आहे, बंदोबस्तालाही त्यालाच पाठवतात. पण ठाणे शहरात कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस आला की तीन हात नाक्यापासून घोडबंदरपर्यंत फलकांना जागा मिळते, पैसा मिळतो, रातोरात मिळतो. खून झालेल्यांच्या कपड्यांसाठी एक कोरडी खोली आणि लोखंडी कपाटं मिळत नाहीत.

मला आधी तोंडी सांगितलं गेलं की मुद्देमाल २६ जुलै २००५ च्या पुरात गेला. नंतर सांगितलं, समरी मंजूर झाल्यावर निकाली काढला असेल. आता लेखी उत्तर आहे की हद्दीची पुनर्रचना झाली. यातलं खरं कुठलं? पुरात गेला असेल तर पंचनामा दाखवा. नष्ट केला असेल तर न्यायालयाचा हुकूम दाखवा, हुकमाशिवाय मुद्देमाल नष्ट करता येत नाही. दुसऱ्या ठाण्याला गेला असेल तर पोच दाखवा. तिन्हीपैकी एकही कागद नाही, याचा अर्थ माझ्या मते कुणी शोधलंच नाही.

तुम्ही न्यायवैद्यक व्हॅनना हिरवा झेंडा दाखवता, ते मी टीव्हीवर पाहतो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं, असं तिचं कलम १७६ सांगतं, आणि त्यासाठीही राज्यांना पाच वर्षांपर्यंत सवलत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डीएनए नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवा, ताब्याची नोंदवही ठेवा, असे आदेश दिले. चांगलं आहे. पण त्या तारखांच्या आधी मेलेल्यांचं काय? खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही. नव्यानं पुरावा आला तर समरी मंजूर झालेल्या गुन्ह्याचाही पुढचा तपास करता येतो. केरळात २००६ साली एक तरुणी आणि तिच्या तान्ह्या जुळ्या मुली मारल्या गेल्या, त्यातल्या संशयितांना सीबीआयनं जवळजवळ १९ वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये पुदुच्चेरीतून पकडलं. कुणीतरी फाइल उघडली म्हणून हे झालं.

२०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २,२९५ खुनांची नोंद झाली. त्यातले दहात एक जरी उलगडले नाहीत असं धरलं, तरी तीस वर्षांत सहा-सात हजार घरं होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे, चूक असेल तर खरा आकडा तुम्ही जाहीर करा. अशा किती गुन्ह्यांत रक्ताचे कपडे, नखांखालची खरड, केस जपलेले आहेत, याची एक तरी यादी राज्यात आहे का? माहितीच्या अधिकारात विचारलं तर उत्तर येतं, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’ डीएनए नोंदींची पेढी उभारायचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, समितीकडे गेलं, अहवाल आला, २०२३ मध्ये मागे घेतलं. इंग्लंडची राष्ट्रीय डीएनए नोंद १९९५ पासून चालू आहे. इकडे विधेयकं येतात, जातात, मंत्री बदलतात, पक्ष फुटतात, जोडले जातात, आणि प्रत्येक नवा माणूस आमच्यासारख्यांना नव्यानं अर्ज करायला सांगतो. आई आता ८४ वर्षांची आहे. तिनं किती सरकारं बघायची?

मी काय मागतोय ते नीट वाचा, कारण ते फार नाही. ‘ए’ समरी झालेल्या कुठल्याही खुनाचा मुद्देमाल यापुढे नष्ट करू नये, असा आदेश आज काढा, त्याला विधेयक लागत नाही. प्रत्येक पोलीस आयुक्तालयाला जुन्या खुनांच्या जैविक पुराव्याची यादी करायला लावा. आणि आमच्या गुन्ह्यात, ज्या दोन पोलीस ठाण्यांत हद्द वाटली गेली त्या दोन्हींच्या मुद्देमाल खोल्या एका जबाबदार अधिकाऱ्यासमोर, पंचांसमक्ष उघडा. गाठोडं गाठोडं तपासा. मीही तिथे उभा राहीन. ओढणी पोपटी रंगाची आहे, काठाला पांढरी लेस, एका टोकाला इस्त्रीनं जळल्याचा डाग. मी ती ओळखेन. तिथे नसेल, तर तेव्हाची तपासणी जिथे झाली त्या प्रयोगशाळेत एखादा तुकडा शिल्लक आहे का, ते विचारून घ्या.

माझा नमुना द्यायला कुठे, कधी, कुणाकडे यायचं ते कळवा. उत्तर लेखी द्या, आणि त्यावर अधिकाऱ्याचं नाव असू द्या, म्हणजे बदली झाली तरी मला माणूस शोधता येईल.

आपला,
ठाण्याचा एक नागरिक